तुमच्या नावावरची बंदूक

प्रिय अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

महिन्याभरापूर्वी एका सकाळी मी शाळेचं गेट आतून लावलं आणि बाहेर एक लहान मुलगी रडत असतानाही उघडलं नाही. तेव्हापासून मनात जे अडकून बसलंय ते तुम्हालाच सांगायचं होतं, पण रोज म्हणायचो, उद्या. आज शुक्रवार. शाळेला सुट्टी आहे. फजर पढून बसलोय, जुबेदा आणि सना अजून झोपल्यात. मोबाइलवर एक अर्ज लिहून तयार आहे. तो पाठवण्याआधी तुमच्याशी बोलणं भाग आहे, कारण अर्ज तुमच्या बंदुकीचा आहे. आणि त्यात तुमच्या नावाआधी एक शब्द लिहावा लागलाय, जो मी आजवर कुठेच लिहिला नव्हता.

आधी गेटचं सांगतो.

इथे कुवेतला अम्गऱ्यातल्या बांधकाम-सामानाच्या यार्डातलं काम सुटलं आणि अब्बासियातल्या एका भारतीय शाळेत गेट सांभाळायचं काम मिळालं, हे तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही फोनवर किती हसलात! "शाळेतून पळून खाडीवर जायचास, आता अल्लाहने तुला शाळेच्या दारातच उभा केला!"

तर यंदा या शाळेने एक नवी कवायत सुरू केली. आग लागली तर काय करायचं, ही जुनी. कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरला तर काय करायचं, ही नवी. भोंगा वाजला की मुलांनी दिवे घालवून बाकांखाली बसायचं, बाईंनी वर्गाचं दार आतून लावायचं आणि मी गेट लावायचं. एकदा लावलं की बाहेरून कोणीही हाक मारली तरी उघडायचं नाही. "कोणीही म्हणजे कोणीही, हनीफभाई," असं मोठ्या मॅडमनी मला बजावलं होतं.

त्या सकाळी भोंगा वाजला, मी गेट लावलं, आणि नेमकी उशीर झालेली एक बस बाहेर येऊन थांबली. बसमधल्या बाईला कवायतीचं माहीत होतं. ती मुलांना घेऊन बाजूला उभी राहिली. पण दुसरीतली एक मुलगी तिचा हात सोडून धावत आली आणि गेटवर मुठी मारू लागली.

"अंकल! अंकल, खोलो ना! मैं हूँ!"

मैं हूँ! रोज तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण मी घट्ट करून देतो, अब्बा. तिला वाटलं, आपण कोण ते सांगितलं की झालं. गेटच्या खालच्या फटीतून तिचे बूट दिसत होते. मी कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत उभा राहिलो. उघडलं नाही.

भोंगा परत वाजला तेव्हा गेट उघडलं, तर ती त्या बाईच्या मागे लपली. अजूनही माझ्याकडे न बघता आत जाते. मॅडम मात्र खूश होत्या. "व्हेरी गुड, हनीफभाई!"

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? हुकूम मानला ते बरोबर केलंस, असं? की, अरे, लेकराला कसा रे बाहेर ठेवलास, असं? मला दोन्ही ऐकू येतात.

पुढच्या आठवड्यात पालकांची सभा झाली. मी पाण्याच्या बाटल्या वाटत होतो म्हणून सगळं ऐकलं. तेल कंपनीत काम करणारे पुण्याचे एक इंजिनियर उभे राहिले. म्हणाले, "विमानतळावर असतं तसं यंत्र बसवा. प्रत्येक दप्तर तपासा." एक बाई म्हणाल्या, "माझ्या मुलीला त्या कवायतीनंतर रात्री झोप लागत नाही, आधी ती बंद करा." कोणी म्हणालं, "हे अमेरिकेतलं खूळ आहे, आपल्याकडे कुठे असं होतं?" कोणी म्हणालं, "झाल्यावर बोलणार का?" मग इंजिनियर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि यांच्या हातात काय आहे? शिट्टी! गेटवर बंदूकवाला माणूस हवा." सगळे हसले. मीही हसलो. शिट्टी गळ्यात होतीच.

सनाच्या शाळेतही हाच विषय निघाला. शाळांमधले गोळीबार कसे थांबवायचे यावर वादविवाद स्पर्धा होती आणि पहारेकऱ्याकडे बंदूक असावी ही बाजू तिच्या वाट्याला आली. तुमची नात मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते, ते तुम्हाला कधी आवडलं नाही. जेवताना मला म्हणाली, "अब्बा, इमॅजिन करा, तुमच्याकडे गन आहे. आणि तो आला. यू विल स्टॉप हिम, राइट?"

"तो म्हणजे कोण?"

"शूटर."

"दिसतो कसा?"

"आय डोन्ट नो. पुष्कळदा त्याच स्कूलचा स्टुडंट असतो."

"मग त्याच्या अंगावर युनिफॉर्म असेल. गळ्यात ओळखपत्र असेल. मी त्याला गुड मॉर्निंग बेटा म्हणून आत घेईन."

तिचा घास हातात राहिला. "दॅट्स नॉट हेल्पफुल, अब्बा."

जुबेदा म्हणाली, "जेवताना बंदुकी कसल्या काढता? नीट जेवा दोघं." मग सना बिचारी मला हसवायला म्हणाली, "थांबा, अमनचं रील बघा. ही इज सो फनी."

अब्बा, अमनचं रील. आपल्या धाकट्या सलीमचा अमन, आपल्या घराची पडवी आणि तुमची बंदूक.

त्याच्या अंगावर शाळेचा गणवेश होता. बंदूक खांद्याला लावून, एक डोळा मिटून, तो नळी हळूहळू मोबाइलकडे वळवत होता. मागे कसलंसं गाणं. खाली लिहिलेलं : "दहावी ब, सोमवारी भेटू." त्यावर हसणारी तोंडं, आगीच्या ज्वाळा. आपल्या मोहल्ल्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांनीही अंगठे दिले होते!

मी परत लावलं. परत बघितलं. सना म्हणाली, "अब्बा, इट्स अ जोक." पण मी मघाशी तिला जे सांगितलं होतं तेच माझ्यासमोर उभं होतं. गणवेश होता, ओळख होती. आणि तो परका कोणी नव्हता, आपला होता.

तुमची बंदूक आपल्या घरात किती जपून राहिली! एकनळी, शेतीच्या रक्षणासाठी मिळालेली. तुम्ही ती जुन्या लुंगीत गुंडाळून माळ्यावर ठेवायचात आणि काडतुसं अम्माच्या ताब्यात. नमाजच्या खोलीत तिला कधी येऊ दिलं नाहीत. रानडुकरं बागेत शिरली की हवेत एक बार काढायचात आणि लगेच खोल खोल श्वास घेत उभे राहायचात. मी लहानपणी विचारलं होतं, "अब्बा, घाबरलात?" तुम्ही म्हणालात, "हो. हिला हातात घेऊन जो घाबरत नाही, त्याच्या घरी ती नसावी."

आणि निवडणूक जाहीर झाली की तिला चादरीत गुंडाळून एसटीने तालुक्याच्या ठाण्यात जमा करायला जायचात! कंडक्टर विचारायचा, "चाचा, नवरीला माहेरी पोचवायला निघालात काय?" तुम्ही म्हणायचात, "हो, मतमोजणी झाली की परत आणतो." सगळी गाडी हसायची.

मग तुम्हीच का तसं केलंत, अब्बा? अमनला मांडीवर घेऊन का म्हणालात, "मोठा झालास की ही तुझी"? मला ठाऊक आहे, ते लाडाचं बोलणं होतं. पण त्या पोराने ते देणगीसारखं जपून ठेवलंय.

आता पुढचं सांगतो, ते तुम्हाला आवडणार नाही. परवाना ज्याच्या नावावर आहे तो माणूस गेला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. सलीमने ती केली नाही. तुम्ही गेल्यानंतर निवडणूक आली, तेव्हा तो ती तुमच्याच परवान्यावर जमा करून आला. कोणी विचारलं तर सांगितलं, "अब्बांची तब्येत बरी नसते, म्हणून मी आलो." आणि निवडणूक झाल्यावर तुमच्याच नावाने परत घेऊन आला. गावात सगळ्यांना माहीत आहे. पोलीस पाटील त्याचा दोस्त, तो म्हणतो, पुढच्या वेळी बघू.

सलीमने हे मला फोनवर हसत हसत सांगितलं तेव्हा मला राग यायला हवा होता. पण आतून थोडं बरं वाटलं. का सांगू? मी तुमची मय्यत पाहिली नाही. फोन आला तेव्हा मी इथे होतो, आणि विमानाची चौकशी करेपर्यंत तुम्हाला दफन करून लोक घरी परतले होते. माझ्यासाठी तुम्ही अजून आजारीच आहात. त्या ठाण्यातही तसंच होतं. निदान एका ठिकाणी तुम्ही हयात होता.

रील पाहिल्यावर मी अमनला फोन लावला. तुम्हाला माहीत आहे, तो बोलताना अडखळतो. "ज... ज... जोक होता, मोठे अब्बा."

"मला माहीत आहे रे. पण दहावी ब कशाला लिहिलंस?"

 मग म्हणाला, "वाचायला उभा राहिलो की... बा... बाक वाजवतात."

"कोण?"

"स... सगळेच."

"सरांना सांगितलंस?"

"सर पण ह... हसतात."

मी विचारलं, "काडतुसं कुठे असतात ते ठाऊक आहे तुला?"

"हो," तो म्हणाला. हे एकच उत्तर त्याने न अडखळता दिलं. मग घाईघाईने, "म... मला काय वेड लागलंय का, मोठे अब्बा? दा... दादाजाननी मला दिलीय ती. फ... फक्त व्हिडिओ होता."

अब्बा, माझा त्याच्यावर विश्वास आहे. हे मी अल्लाहला साक्षी ठेवून लिहितो. तो कोणाला काही करणार नाही. पण ज्यांच्या पोरांनी असं काही केलं, त्या घरांत कोणाचा विश्वास नव्हता? आणि दुसरं कोणी नाही, त्याने स्वतःलाच काही करून घेतलं तर? तुम्ही असताना त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारा एक माणूस त्या घरात होता. तुम्ही पान लावत बसायचात, पण मध्ये त्याचा शब्द पुरा करून द्यायचा नाहीत. आता कोण थांबतं? रीलमध्ये मात्र त्याला बोलावंच लागत नाही. सगळे ऐकतात.

मग सलीमला फोन केला.

"बंदूक ठाण्यात जमा कर. उद्याच."

"भाई, एका व्हिडिओवरून? चार थोबाडीत मारल्यात मी त्याला. डिलीट पण केलाय."

"मारलंस? मारून काय होणार?"

"मग काय आरती ओवाळू?" तो चिडला. "तू इकडे ये आणि वानरं हाकल. नारळ ठेवत नाहीत, आंबा ठेवत नाहीत. डुकरांनी वालाचा वाफा उलटा करून टाकला. तू तिकडे एसीत उभा राहून शाळेचं गेट सांभाळ. बाग मी सांभाळतो."

"एसीत नाही रे, उन्हात उभा असतो."

"मग डोक्याला ऊन लागलंय तुझ्या."

दोघंही जरा हसलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी म्हटलं, "तू जाऊन सांग, अब्बा गेले, आम्हाला परवाना नको."

"आणि मागच्या वेळी तब्येत बरी नाही सांगितलं त्याचं काय? मला आत बसवतील. तुझ्या नावावर करून घे म्हणालो तर तू येत नाहीस. अब्बांची एवढी एकच निशाणी आहे, भाई."

त्याचं खोटं आहे असं कसं म्हणू? वानरं खरी आहेत. भीतीही खरी आहे. पण तो रोज "उद्या नेतो" म्हणतो आणि बंदूक माळ्यावरच राहते.

मी तरी कसा जाऊ? माझा इकामा, इथला राहण्याचा परवाना, जुन्या मालकाच्या नावावरून शाळेच्या नावावर व्हायचाय. तो होईपर्यंत कुवेतच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. शाळेची सरकारी कागदपत्रं करणाऱ्या मंदूबला विचारलं की तो म्हणतो, "बुकरा, इन्शाल्लाह." उद्या! भावाचाही उद्या आणि याचाही उद्या. मी इथे गेटच्या आत उभा राहून दोन्हीकडची वाट बघतो. सोमवार आला, गावात शाळा भरायची वेळ झाली की सलीमच्या बायकोला फोन करतो आणि उगाच विचारतो, "अमन गेला का? दप्तरात डबा नेला ना?" ती बिचारी म्हणते, "भाई, एवढी काय काळजी? नेला."

दप्तरात आणखी काय नेलं, हे कसं विचारू? आपल्याच पोराबद्दल!

बुधवारी शेवटचं बोललो. सांगितलं, "सलीम, तू करत नसशील तर मी ठाण्याला लिहितो. मोठा मुलगा म्हणून. चूक माझ्या अंगावर घेतो. पण तुझ्या पाठीमागून करणार नाही, म्हणून सांगतोय."

त्याने ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाला, "पाठव. पण मग या घरात पाय ठेवू नकोस."

अब्बा, इथलं काम आज आहे, उद्या नाही. इकामा संपला की सामान बांधायचं आणि जायचं. जायचं कुठे? मला तर ते एकच घर आहे. अर्ज पाठवला तर ते दार जातं, भाऊ जातो, कदाचित त्याला ठाण्याच्या फेऱ्या पडतात. नाही पाठवला तर रोज सकाळी मी इथे परक्यांच्या मुलांची दप्तरं सांभाळणार आणि माझ्या घरातली बंदूक माळ्यावर तशीच असणार. तुम्ही असता तर कोणाची बाजू घेतली असती? सलीम तुमचा लाडका, हे मला माहीत आहे. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण यात तरी माझी घ्या.

काल जुबेदाला विचारलं. ती म्हणाली, "सलीमभाई रागावतील, वर्षभर बोलणार नाहीत. मग बोलतील." आणि पुढे म्हणाली, "बोलायला सगळे असले म्हणजे झालं."

अल्लाहने वाट दाखवावी म्हणून रात्री इस्तिखाराची नमाज पढलो. स्वप्न काही पडलं नाही. पण सकाळी उठून अर्ज लिहायला घेतला.

अर्जात मी एवढंच लिहिलंय : परवानाधारक माझे वडील वारले. हत्यार आमच्या राहत्या घरी आहे. वेळेवर कळवलं नाही याची जबाबदारी मोठा मुलगा म्हणून माझी. आम्हा वारसांपैकी मला परवाना नको आहे. घरात शाळेत जाणारी मुलं आहेत, तरी हत्यार आणि काडतुसं लवकरात लवकर ताब्यात घ्यावीत. माझा भाऊ सहकार्य करेल. हे शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला, पण राहू दिलं. तो करेल. तुमचा मुलगा आहे.

आणि तुमच्या नावाआधी लिहिलं : मयत.

टाइप करताना मोबाइलने दुसरेच शब्द पुढे केले. मला एकेक अक्षर शोधून घालावं लागलं. त्या वेळी मी तुम्हाला माती दिली, अब्बा. उशीर झाला, माफ करा.

तुम्हाला कबूल करतो. इकामा हातात आला की पहिल्या सुट्टीत गावी येईन. सलीम घरात घेवो न घेवो, मशिदीत उतरेन आणि त्याच्याबरोबर बागेला विजेच्या झटका मशीनचं कुंपण घालीन. जोवर मी आहे तोवर वानरांचा आणि डुकरांचा त्रास त्याच्या एकट्यावर टाकणार नाही. अमनच्या सरांशीही बोलेन, रागाने नाही, पण बोलेन. आणि आजपासून दर शुक्रवारी, जुम्यानंतर, अमनला फोन करीन. त्याचं वाक्य कितीही लांबलं तरी मध्ये शब्द घालणार नाही. तुमच्याकडून मला ती बंदूक नकोच होती. तुमचं ते थांबणं तेवढं घेतो.

सना उठली. दारात उभी राहून विचारते, "अब्बा, रडताय का? हू आर यू रायटिंग टू?"

म्हटलं, "तुझ्या दादाजानना."

ती जवळ येऊन बसली. अर्ज वाचून दाखवायला सांगितला. मराठी तिला वाचता येत नाही ना! मी वाचला. ऐकून ती फक्त म्हणाली, "अमनला कोण सांगणार?"

"मी सांगीन. पाठवायच्या आधीच."

आता त्याला फोन करून आलो. सगळं सांगितलं. तो किती तरी वेळ गप्प होता आणि मी थांबलो. शेवटी म्हणाला, "मोठे अब्बा, का... काडतुसं मी खा... खाली आणून ठेवू का? पोलिसांना लवकर मि... मिळतील."

मी म्हटलं, "नको बेटा. तू हात लावू नकोस. ते मोठ्यांचं काम आहे."

अब्बा, अर्ज पाठवला.

तुमचा मोठा मुलगा,
हनीफ
अब्बासिया, कुवेत